पराते सरांचं नववं प्रकरण

पराते सर चहाच्या आधी दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन बघायचे. थेंब नखावर ठरला तर दूध बरं, ओघळला तर पाणी. गंमत म्हणजे थेंब ठरला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. "आज काहून ठरला असंल?" असं नखाकडे बघत पुटपुटताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून नागपूरला आले आणि धरमपेठेतल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले, ते सत्तर साल उलटल्यानंतर. तिथला उन्हाळा आणि तिथली भाषा, दोन्ही एकदमच अंगावर आली. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली. सगळे 'या, या' म्हणाले. एक उंच, सडपातळ गृहस्थ मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र मागून घेतलं, खिडकीपाशी गेले आणि कागद उजेडात धरून बघू लागले.

"काही चुकलंय का?" मी घाबरून विचारलं.

"नाही चुकलं, तेच तं पाहून राहिलो. सरकारी कागद अन् एकबी चूक नाही. यात काहीतरी गोम हाये."

हे पराते सर. सहावी-सातवीला मराठी शिकवायचे. घराणं कोष्ट्यांचं. शहराच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्तीत वडिलांचा हातमाग होता, भाऊ मागावरच बसत, आणि शिकून मास्तर झालेले घरात हे एकटेच. अंगातला शर्ट घरच्या कापडाचा असे. कोणतीही वस्तू उजेडात धरून बघायची खोड वडिलांची, असं ते सांगायचे. कापड उजेडात धरलं की कुठे धागा तुटला आणि कुठे गाठ मारली ते कळतं म्हणे. फरक एवढाच, की वडील कापड बघायचे आणि हे जग बघायचे.

उन्हाळ्यात लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून नागपूरची माणसं खिशात कांदा ठेवतात. सर दोन ठेवायचे. एक नासका निघाला तर? छत्रीवर त्यांनी नाव तीन ठिकाणी घातलं होतं. घड्याळ स्वतःच्या मनगटावर असताना ते दर तासाला दुसऱ्याला वेळ विचारत, आणि दोन्ही वेळा जुळल्या की जास्तच अस्वस्थ होत. मुलांनी त्यांचं नाव शंकासुर ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि कोणी ठेवलं याबद्दल त्यांचा तीन वर्गांवर संशय होता.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा तपासणीला साहेब आले. सहावीच्या वर्गाने प्रश्नामागून प्रश्न धडाधड सोडवले. साहेब खूश झाले आणि शेरा लिहायला त्यांनी पेन काढलं. तेवढ्यात सर मागून म्हणाले, "साहेब, थांबा. हे चार प्रश्न मीच पाठ करून घेतले हायेत पोट्ट्याइकडून. आता तुमच्या मनातलं विचारा." मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. साहेबांनी मनातलं विचारलं, तेव्हा निम्मा वर्ग वर छताकडे बघत बसला. शेरा आला 'साधारण'. स्टाफरूममध्ये सगळे सरांवर तुटून पडले. सर डबा खात शांतपणे म्हणाले, "साधारणच तं हायेत पोट्टे. मंग?"

त्या दिवसापासून मी मनाशी पक्कं केलं, की हा माणूस कोणावर विश्वास ठेवत नसेल, पण याच्यावर डोळे मिटून ठेवावा. यातलं अर्धंच खरं होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. शेवटच्या तासाला सर सहावीला 'दोघांचा तराफा' वाचून दाखवायचे. आमच्या पिढीत हे पुस्तक माहीत नाही असं मराठी घर विरळा, पण पुढे ते दुकानात मिळेनासं झालं होतं. सदू आणि धाकटा बाळ्या, असे दोघे भाऊ. आई नाही. बाप पूल बांधायच्या कामावर नदीच्या खालच्या अंगाला गेलेला, तो परतलेला नाही. मुलं केळीच्या खांबांचा तराफा बांधतात आणि बापाला शोधायला निघतात. मी ते नऊ वर्षांची असताना आमच्या पडवीत बसून वाचलं होतं. सर ते इतकं सुरेख वाचत की शेजारच्या वर्गात माझी मुलं अपूर्णांक सोडून भिंतीला कान लावायची, आणि मीही काही म्हणायची नाही.

अशाच एका शनिवारी भिंतीपलीकडून नववं प्रकरण ऐकू आलं. तराफ्याची दोरी तुटते, दोघं कसेबसे काठाला लागतात. काठावर एका विणकराचं घर असतं. बाळ्या तापाने फणफणलेला. विणकर म्हणतो, याला माझ्याकडे ठेव, तू पुढे जा, बाप सापडला की दोघं मिळून न्यायला या. मग रात्रभर तो सदूला मागाशी बसवून तुटलेला धागा कसा सांधायचा ते दाखवतो. गाठ मारायची नाही. बोटं ओली करायची, दोन्ही टोकं एकमेकांत हळू पिळायची. "तुटलं ते सांधतं बाळा, पण घाई केली की नाही सांधत."

मी खडू हातात धरून उभी राहिले. विणकर? माझ्या पुस्तकात विणकर नव्हता. मला आठवत होतं ते असं, की नवव्या प्रकरणात तराफा भोवऱ्यात सापडतो आणि बाळ्या बुडतो. त्यापायी मी दोन दिवस जेवले नव्हते, असं आई सांगायची. तास संपल्यावर मी सरांना विचारलं.

"तुमी पुस्तक कधी वाचलं, बाई?"

"नऊ वर्षांची होते."

"मंग काय भरोसा? लेकरू वाचताना चार पानं गाळते, दोन सपनातली घुसवते." हे बोलताना त्यांनी पुस्तक झोळीत घातलं. कोऱ्या कापडाची झोळी होती, घरच्या मागावरची. पुस्तकाला तपकिरी कागदाचं वेष्टन होतं. ते पुस्तक त्यांनी कधी कपाटात ठेवलं नाही की कोणाच्या हातात दिलं नाही. मला वाटलं, सरांचा स्वभाव. आणि खरं सांगते, मला माझ्याच आठवणीचा संशय येऊ लागला. त्यांच्या सहवासात ते सगळ्यांचंच व्हायचं.

शाळेत त्या विणकराचं फार होतं. दोन मुलं भांडून बोलायची बंद झाली की तिसरा विचारायचा, "सांधलं का बे?" वरच्या वर्गातली मुलं सहावीवाल्यांना जिन्यात अडवून विचारायची, "विणकर आला का?" शाळा सोडून कामाधंद्याला लागलेली, मिसरूड फुटलेली मुलंसुद्धा सरांना रस्त्यात भेटली की विणकराची चौकशी करत.

आणि मग त्या पुस्तकावर सिनेमा निघाला.

सदर भागातल्या थिएटरवर भलंमोठं पोस्टर लागलं. तराफ्यावर दोन मुलं, मागे नदी. सरांनी ते रस्त्याच्या या कडेने बघितलं, त्या कडेने बघितलं. "इतकी निळी नदी कुठं असते? अन् याइचे केस पाहा. घरातून पळालेल्या पोट्ट्याइचा भांग कोण पाडून देते?" मी हसले. शाळांसाठी सवलतीत सकाळचा खेळ ठेवला होता, मुख्याध्यापकांनी सहावी-सातवी नेण्याचं ठरवलं, तेव्हा मात्र सरांनी सभेत असा विरोध केला की सगळे चकित झाले. थिएटरात ढेकूण आहेत, एक दार आत उघडतं, आग लागली तर पोरं कशी निघणार, वीज गेली तर? शेवटी म्हणाले, "सिनेमावाले पुस्तकाची वाट लावतात. ज्यानं पुस्तक ऐकलं त्यानं कायले पाहाव?"

"अहो सर, तुमच्यामुळेच तर मुलं उड्या मारताहेत," मुख्याध्यापक म्हणाले. विषय संपला. शंकासुराने एक शंका काढली, यापलीकडे कोणाला त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं, कारण नेहमी शंका काढताना सरांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं सुख असे. त्या दिवशी ते नव्हतं.

सिनेमा बघायला मीसुद्धा सुरी परजूनच गेले होते. लहानपणी मनात पाहिलेला सदू कोणी पडद्यावर आणू शकेल यावर माझा विश्वास नव्हता. पण खोटं कशाला बोलू, सिनेमा चांगला होता. नदी पोस्टरइतकी निळी नव्हती, चांगली गढूळ होती. सदूचं काम करणाऱ्या मुलाची हनुवटी हट्टी होती आणि तो उगाच गोड बोलत नव्हता. पुस्तकात जिथे दोघं भाऊ गप्प बसतात तिथे सिनेमातही गप्प बसले होते. नावाड्यांचं एक गाणं तेवढं पदरचं घातलेलं, तेही वाईट नव्हतं. पुढच्या रांगांमध्ये मुलं आधीच वाक्यं म्हणत होती आणि पडद्यावर तीच येत होती. एखाद्या पुस्तकाला याहून जास्त काय हवं?

आठव्या प्रकरणाचा शेवट आला तसे माझ्या शेजारी बसलेले सर उठले. "पंख्याचा आवाज बराबर नाही येऊन राहिला," असं म्हणून ते बाहेर निघून गेले.

मग भोवरा आला. तराफा फिरला. पडद्यावर नुसतं पाणी राहिलं, आणि सदूने हाका मारल्या. माझ्या मनात आलं, की म्हणजे मी काही गाळलं नव्हतं आणि काही घुसवलंही नव्हतं.

पुढच्या रांगेतून अंधारात एक आवाज आला, "विणकर कुठं गेला बे?"

"थांब ना. आता येते."

ती मुलं पुढचा तासभर विणकराची वाट बघत बसली. सदूचा तराफा कुठल्याही काठाला लागला की कुजबुज व्हायची, "हाच असंल." काठावर कोळी निघायचा, गुराखी निघायचा. शेवटी बाप भेटला. त्याने विचारलं, "बाळ्या कुठाय?" सदू काही बोलला नाही, बापाच्या पायाशी बसला. तेव्हा आमच्या शाळेची सगळी मुलं खुर्च्यांवर उभी राहून ओरडली, "विणकराच्या घरी हाये! सांग ना त्याले! विणकराच्या घरी हाये!"

दुसऱ्या शाळांची मुलं वळून आमच्याकडे बघत होती. मला रडू आलं. सिनेमाचं नव्हे, त्या ओरडण्याचं.

बाहेर सायकल स्टँडपाशी सर संत्रं सोलत उभे होते. सोललं होतं, पण खात नव्हते. मुलांनी त्यांना घेरलं. "सर, त्यायनं विणकर कापला! सर, बाळ्याले मारून टाकलं!"

"सिनेमावाल्याइचं काय सांगाव," सर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

इथवर झालं असतं तर कदाचित विरलं असतं. पण चारच दिवसांनी सुशीला गजभिये शाळेत आली. आठ वर्षांपूर्वी ती सरांच्या सहावीत होती. वडील शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करत, आणि ही आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ताठ मानेची, स्पष्ट बोलणारी मुलगी. स्टाफरूममध्ये येऊन तिने सरांसमोर एक लांबलचक कागद ठेवला. खाली जुन्या विद्यार्थ्यांच्या सह्यांच्या रांगा होत्या.

"सर, थो सिनेमाचा दिग्दर्शक येत्या रविवारी नागपूरले येऊन राहिला. सत्कार हाये त्याचा. म्या संयोजकाले भेटून प्रश्न विचाराची परवानगी काढली. मी स्टेजवर जाऊन विचारीन, बाळ्याले काहून मारलं म्हून. पुस्तकात थो जिता हाये. आमच्या सगळ्याइचा बाळ्या जिता हाये. मले तुमचं पुस्तक द्या सर. मी लोकाइले नववं प्रकरण उघडून दाखवते."

"पुस्तक शिवायले देल्लं," सर म्हणाले.

"मंग शनिवारपर्यंत भेटल?"

"पाहू वं."

ती गेली. सरांच्या खांद्याला झोळी होती आणि झोळीतून तपकिरी वेष्टनाचा कोपरा डोकावत होता. तपासणीच्या साहेबांसमोर शाळेचं नाक कापणारा हा माणूस धडधडीत खोटं बोलला होता. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी दार लोटलं.

"सर, गोम कुठे आहे ते मला कळलंय," मी म्हणाले.

दार नीट लागलंय का ते त्यांनी बघितलं. मग झोळीतून पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. मी पहिल्यांदाच ते हातात घेतलं. आठव्या प्रकरणानंतरची पानं उघडेनात. नवव्या प्रकरणाची आठ पानं कडेने एकत्र शिवलेली होती, पांढऱ्या सुती धाग्याने, इतक्या बारीक टाक्यांनी की वरून कळू नये. त्यानंतर त्याच मापाचे कागद कापून चिकटवलेले होते आणि त्यावर सरांचं सुंदर वळणदार अक्षर होतं. विणकराची गोष्ट. शेवटच्या प्रकरणातही दोन पानं तशीच शिवून, बाप आणि सदू बाळ्याला न्यायला जातात ते घातलेलं. मधलं काही बदलावं लागलं नव्हतं. सदू रोज रात्री तराफ्यावर एकटा रडतो. ते रडणं दोन्हीकडे चालत होतं.

"फाडलं नाही," सर म्हणाले. "लेखकाचं हाये थे. फाडाचा मले काय हक्क?"

"पण का, सर?"

"सुशीलाचा धाकटा भाऊ होता, राजा. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तलावात बुडून गेला, पाहाता पाहाता. शाळा उघडली अन् ही आली. पहिल्या बाकावर एकटीच बसे. बाकीच्या पोट्ट्याइले तिच्याजवळ बसाचा भेव वाटे. शनिवार आला. पुस्तक सुट्टीच्या आधी आठव्याच्या शेवटी थांबलं होतं."

"तुम्ही त्या दिवशी वाचायचंच नाही."

"तेच करणार होतो, बाई. वर्गात गेलो, व्याकरण घेतो म्हणालो. तं हीच उठून उभी राहिली. म्हणे, सर, बाळ्याचं पुढं काय होते? सगळा वर्ग माह्याकडं पाहून राहिला. म्या पुस्तक उघडलं. पहिली ओळ दिसली. अन् तोंडातून आमच्या बाबाचा माग निघाला. मले बी माहीत नोहोतं का निघते म्हून."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीच्या पोट्ट्याइले पहिल्याइनं सांगूनच ठेवलं होतं ना. विणकर कधी येते, म्हून बसले. अन् बाई, दर वर्गात एखादं असतेच. कोणाचा भाऊ गेला, कोणाची माय गेली. मले थोडीच माहीत असते कोणाचं काय? मी कोणाच्या भरोशावर थे प्रकरण वाचू?"

मला एकदम लख्ख कळलं. हा माणूस दुधापासून घड्याळापर्यंत सगळ्यावर संशय घ्यायचा, आणि त्यातला सगळ्यात मोठा संशय हा होता, की समोरच्या बाकावरचं प्रत्येक मूल काहीतरी लपवून बसलं आहे. हा संशय मात्र खोटा म्हणता येणार नव्हता.

"सर, रविवारी ती भरल्या सभेत उभी राहील. दिग्दर्शक पुस्तक काढून दाखवेल. लोक तिला हसतील."

"माहीत हाये मले. गोम माही, अन् हसतील तिले."

"मग तिला सांगा."

"काय सांगू? का तुह्या राजासाठी म्या पुस्तक खोटं केलं? आठ वरसं ती थो विणकर उराशी धरून बसली. आता थोबी काढून घेऊ?"

पुस्तक त्यांनी परत झोळीत घातलं. मग स्वतःच म्हणाले, "शनिवारी बोलावतो तिले. शाळा सुटल्यावर. पण तुमी थांबा. मी मधेच काही भलतं सांगाले लागलो तं टोका. माह्या तोंडाचा मलेच भरोसा नाही."

शनिवारी सहावीच्या रिकाम्या वर्गात सुशीला पहिल्या बाकावर येऊन बसली. मी मागे दारापाशी उभी होते. टोकायची वेळ आली नाही. सरांनी एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसं. पुस्तक तिच्यापुढे ठेवलं, शिवण दाखवली.

ती खूप वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मी वाट बघत होते की ती रडेल, सरांच्या पाया पडेल. तसं काही झालं नाही. ती चिडली.

"सर, राजा गेला तं आईनं त्याचा फोटो पेटीत टाकला. बाबानं त्याची पाटी कोणाले देऊन टाकली. माह्यासमोर कोणी त्याचं नाव घेत नोहोतं. पोरी माह्याजवळ बसत नोहोत्या. मले वाटे मीच काही केलं. तलावावर मीच त्याले नेलं होतं ना. कोणी विचारलं असतं तं म्या सांगतलं असतं. कोणीच नाही विचारलं." तिचा आवाज चढला. "अन् तुमी बी शिवूनच टाकलं."

सर उभे होते ते खाली बसले. विद्यार्थ्यांच्या बाकावर, तिच्या शेजारी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत ही एक शंका त्यांना आली नव्हती.

"चुकलं माहं," ते म्हणाले. नुसतं एवढंच.

सुशीलाने डोळे पुसले. "विणकर चांगला होता सर," ती जरा वेळाने म्हणाली. "थो नसता तं म्या शाळा सोडली असती. पण आता हे टाके कापा."

त्या रविवारी सुशीला सभेला गेली, पण प्रश्न विचारला नाही. सह्यांचा कागद तिने काय केला ते मला माहीत नाही. उन्हाळ्यात आमच्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडलं. पुढच्या सहावीला सरांनी कोणतं नववं प्रकरण वाचलं, हे मी पत्रातून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी माझं अक्षर माझंच आहे का, अशी उलट चौकशी केली आणि मूळ प्रश्नाला बगल दिली. ते दोन्ही वाचत असावेत, असा माझा संशय आहे. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

मला ते दिसतात ते त्या शनिवारचे. खिशातून ब्लेड काढून ते एकेक टाका कापत होते. कागदाला धक्का लागू न देता, अगदी सावकाश. आठ पानं मोकळी झाली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. चार ओळींच्या पुढे त्यांना जाता येईना. तेव्हा सुशीलाने पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचू लागली. सरळ, एकसुरी, आजाऱ्याचा तक्ता वाचावा तसं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"'पाण्याने तराफा गरकन फिरवला,'" तिने वाचलं. "'सदूने एका हाताने बांबू धरला आणि दुसऱ्या हाताने बाळ्याला धरले. सदूने तीन हाका मारल्या. नदीने एकीलाही उत्तर दिले नाही.'"

ती थांबली.

"सुशीला," खिडकीबाहेरची नजर न काढता सर हळूच म्हणाले, "मधली एक ओळ राहिली वं."

ती पानाकडे बघत राहिली. मग तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हो सर," ती म्हणाली, आणि वाचलं, "'बाळ्याचा हात सदूच्या हातात होता, आणि मग नव्हता.'"